निबंध क्रमांक एकतीस

डर्बनच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर
त्रेचाळीस निबंध, एक थर्मास, लाल पेन.
नावं झाकलेली, नुसते क्रमांक.
पक्षपात नको म्हणून, असं मिसेस मूडली म्हणाल्या.
मला हसू आलं.
माझी खापरपणजी उसाच्या मळ्यावर आली तेव्हा
जहाजाच्या वहीत तिलाही क्रमांकच होता.
तो काही पक्षपात नको म्हणून नव्हता.

विषय : आपला भारतीय वारसा आणि अहिंसक प्रतिकार.
शब्दमर्यादा आठशे.
पहिल्या तिसांतले बावीस जण
एकाच रेल्वे स्टेशनवर सुरू होतात.
तोच फलाट, तीच थंडी, तोच ढकललेला वकील.
एकाने तर तिथे बर्फ पाडलाय.
मी समासात लिहिते : छान. अक्षर वळणदार.
चाळीस वर्षं मीच हे शिकवलं,
तक्रार कुणाकडे करू?

मग एकतीस.
दोनच पानं, वहीतून फाडलेली,
कडेला स्पायरलचे दाते तसेच.

"त्या जुलैत आमच्या गल्लीच्या तोंडाशी
टायर, पलंगाची लोखंडी चौकट
आणि शेजाऱ्यांचा बंद पडलेला फ्रीज आडवा टाकला होता.
बाबांच्या हातात माझी हॉकी स्टिक होती.
मी खिडकीतून बघत होतो.
पहाटे एक माणूस चालत आला.
अंगात हॉस्पिटलचा निळा पोशाख, हातात ब्रेडची पिशवी.
काळा होता.
त्याने दोन्ही हात वर केले, पिशवीसकट.
बाबांनी स्टिक उचलली."

इथे एक ओळ कोरी.

"पुढचं मला दिसलं नाही. आईने पडदा ओढला.
स्टिक घरी आली तेव्हा ओली होती, धुतल्यासारखी.
मी हॉकी सोडली.
सर विचारतात का, तर मी गुडघा सांगतो.
आमच्या घरात अहिंसा आहे. ती फोटोत असते,
दिवाळीला आम्ही तिला हार घालतो.
प्रतिकार त्या माणसाने केला, असं मला वाटतं.
त्याने पिशवी टाकली नाही."

संपलं. संदर्भसूची नाही.

मी थर्मासचं झाकण उघडलं, परत लावलं.
त्या जुलैत परीक्षक कुठे होत्या,
असा रकाना गुणपत्रकात नाही.
मी चहा करत होते.
आमच्याही गल्लीच्या तोंडाशी माणसं उभी होती,
निम्मे माझेच, सातवी ब, आठवी अ.
रात्रीतून तीन पातेली केली, आलं ठेचून.
"टीचर, साखर थोडी कमी," एक जण म्हणाला.
त्याच्या दुसऱ्या हातात काय होतं
ते मी पाहिलं नाही.
म्हणजे पाहिलं.

विषयाला धरून : वीसपैकी.
भाषा : दहापैकी.
'वारसा'च्या चौकटीत पेन टेकवून बसले
तर शाईचा ठिपका पसरत गेला, आकडा काही उमटेना.

पहिलं बक्षीस नऊ क्रमांकाला.
मुलगी बोललीही सुरेख, कुठे अडली नाही.
नावांची यादी उघडली
तेव्हा मी चष्मा पुसायला घेतला होता,
बराच वेळ पुसत राहिले.

पण प्रमाणपत्रं सगळ्यांनाच होती, मीच द्यायची होती.
डेशन नायकर, कुणीतरी पुकारलं.
उंच, हडकुळा, टाय बापाचा असावा.
लंगडत पायऱ्या चढला.
माझ्या हातातून कागद घेतला, माझ्याकडे बघितलं,
आणि परत जाताना
लंगडायचं विसरला.

"थांब, थांब, तिथेच उभा राहा!"
खुर्च्यांमधून वाट काढत एक माणूस पुढे आला,
इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांत पाणी,
सगळ्यांच्या डोक्यांवरून फोटो यावा म्हणून
त्याने दोन्ही हात वर केले, फोनसकट.

पोराने मान फिरवली.
मी टाळ्या वाजवत होते.