हात मोजताना

ग्रामसभा या खेपेला शाळेत भरली,
पंचायतीच्या खोलीत पंखा एक आणि खुर्च्या अकरा.
त्या अकराही मीच वाहून आणल्या.
विषय क्रमांक चार:
घरामागे वर्षाला दोनशे चाळीस रुपये जादा,
शाळेची कौलं बदलायला
आणि मानधनावर आणखी एक बाई ठेवायला.
केंद्रे बाई लातूरकडच्या. एकट्या चार इयत्ता ओढतात.
पहिलीला शुद्धलेखन घालून चौथीकडे वळेपर्यंत
पहिली खिडकीतून बंदरावर पोचलेली असते.

मी पंचायतीची शिपाई. हात मोजायचं काम माझं.
फळ्यावर चार उभ्या रेघा, पाचवी आडवी: झाली जुडी.
याच फळ्यावर मला ‘ळ’ कधी जमला नाही.

भास्कर तोरसकर म्हणाले,
“माझो नातू कणकवलीक जाता, पिवळी गाडी येता न्येवक.
मी कित्याक भरू?”
हमीदा होलसेकर बसल्या जागेवरून,
“तुजो जाता. माझी नात खय जातली? रापण ओढूक?”
कुणी सुचवलं, मुंबईकरांच्या बंद घरांकडून दुप्पट घ्या.
विरारचा मालंडकर फोनवर होता, स्पीकर लावून,
तो ओरडला, “कुलपाक कसली शाळा रे?”

बाबी वाडकर मात्र हसला नाही.
“दोनशे चाळीस म्हणजे अडीच लिटर डिझेल,” एवढंच म्हणाला,
आणि विरोधात हात करताना खाली बघत राहिला,
कारण तिसरीतली त्याची पोर
खिडकीचे गज धरून बाहेर उभी होती.

मग कुणाला तरी सुचलं,
“ज्येंची घरपट्टी थकली, त्येंचो हात धरूचो नाय!”
ग्रामसेवकांनी वही उघडलीसुद्धा नव्हती,
पण हात आपोआप उतरले,
आधी बाजूचे, मग विरोधातले, मग सरपंचांचा.
उरल्या द्वारकाबाई टिकम, सुकटवाल्या,
एक हात वर, दुसऱ्या हाताने
पोलक्यातून औंदाची पावती काढत.
प्लास्टिकात गुंडाळलेली, तरी वास आलाच.

ग्रामसेवक म्हणाले, असा काही नियम नाही.
यादीत नाव आहे ना, मग हात धरायचा.
पुन्हा पहिल्यापासून.

तोवर भरतीची वेळ झाली.
घड्याळ न बघताच नऊ जण उठले,
होडी कोरमसाठी थांबत नाही.
ज्ञानदेव टिकम दारातून पाठमोराच हात वर करून गेला.
मत की निरोप?
यावर पंधरा मिनिटं.
शेवटी मत धरलं. तो परत येऊन भांडला असता.

बाजूने चव्वेचाळीस. विरोधात एक्केचाळीस.
ग्रामसेवकांनी आकड्यांत लिहिलं, मग अक्षरांत, मग सही.
टाळ्या वाजल्या नाहीत. तोरसकर म्हणाले,
“भरतंय. पण कौलां मंगळुरी व्हयी, पत्रे नको,”
आणि चप्पल शोधायला लागले.

माझी दोन वर्षांची घरपट्टी राहिली आहे.
मला कुणी विचारलं नाही.
एका हातात डस्टर, एका हातात खडू,
वर करायचा तर कुठला?

सोमवारी सकाळी खुर्च्या न्यायला गेले
तर फळा तसाच. बाईंनी पुसला नव्हता.
दुसरी-तिसरीला जुड्या मोजायला लावल्या होत्या,
पाच, दहा, पंधरा,
बाबीची पोर बोट टेकवत टेकवत शेवटपर्यंत गेली
आणि म्हणाली, “पंचेचाळीस.”
“नीट मोज.”
तिने नीट मोजलं. “पंचेचाळीसच बाई. हय एक बारीक रेघ आसा.”

बाईंनी फळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.
मी खुर्च्या मोजत होते.
अकरा होत्या.
पुन्हा मोजल्या.