आठ घोडे, साडेचार बोटं

सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरलेला
आणि आम्ही पुलाखालून नदीकडे वळलो.
आठ घोडे आम्हालाही हवे होते,
पण पत्र्याच्या टोपाखाली मिटलेले,
पेट्रोलच्या वासाचे,
झिपरू वाडिलेच्या नावेला मागून टांगलेले.

धुडकूनं इंजिन तिरपं केलं,
जनावराचा जबडा उघडून दात बघावेत
तशी पंख्याची पाती बघितली.
तीन. एकीचा कोपरा उडालेला.
"खडक लागना व्हता," झिपरू म्हणाला,
"पन बुजनं नही."

मी नावेभोवती फिरले.
तापीच्या वाळूतलं टरबूज वाजवावं
तशी एकेक फळी बोटानं वाजवली.
डाव्या अंगाला, खालून दुसरी,
आवाज बसका आला.
मी तिथं परत वाजवलं नाही.
झिपरूनंही ऐकलं होतं.
तो पुलावरून जाणाऱ्या ट्रककडे बघत राहिला.

आत, बसायच्या पाटाच्या खालच्या बाजूला
खिळ्यानं कोरलेलं: नितिन.
त्याच्याखाली, मोठा झाल्यावर, शाळा शिकून: नितीन.
"सुरतले शे," कुणीतरी मागून म्हणालं, "मागावर."
एवढंच. आणि वल्ह्याच्या दांड्यावर
दोन जागी लाकूड गुळगुळीत:
एक मोठ्या पंजाची,
एक त्याच्या वीतभर खाली.

वर बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत.
उपरण्याखाली बोटं धरतात,
हसतात, मान हलवतात, परत धरतात.
झिपरूनंही टॉवेल हातावर टाकला
आणि धुडकूपुढे केला.
धुडकूनं माझ्याकडे बघितलं.
पैसे माझे. निम्मे बचत गटाचे,
निम्मे शहाद्याच्या बाजारात
सहा वर्षं खवले काढून साठवलेले.
झिपरूचा हात टॉवेलसकट तसाच राहिला,
वाळत घातल्यासारखा.
परक्या बाईची बोटं धरायची कशी?

तेव्हा केवळबाई उठली.
मांडीवरचं जाळं बाजूला सारलं,
नवऱ्याला म्हणाली, "सरक,"
आणि स्वतःचा पदर माझ्या मनगटावर टाकला.

आत अंधार, ऊब, मासळीचा वास.
मी तिची चार बोटं धरली. चाळीस.
तिनं माझा हात सोडवला आणि
अख्खा पंजा माझ्या तळव्यात ठेवला.
पन्नास? मी मान हलवली.
"मोजी देख," ती म्हणाली.

मी मोजली. अंगठा. एक, दोन,
तिसरं पेरावरच संपलेलं,
टोकाला कातडी मऊ, बाळाच्या टाचेसारखी.
करंगळी.

साडेचार.

बाहेर दोघं पुरुष विडी पेटवत होते.
"चालू करायनी दोरी," ती पदराखालीच,
भाव सांगावा तितक्या हळू म्हणाली,
"बोटले नको गुंडाळजो, माय.
उलटी झटका मारस ती."
झिपरूनं हे सांगितलं नव्हतं.

माझ्याकडे बेचाळीस होते.
तीन होळीपर्यंत, आणि दर बुधवारी एक मरळ,
असं ठरलं. हात तिनं लगेच सोडला नाही.
भाव तर झाला होता.

नाव लोटली तेव्हा ऊन कललेलं.
केवळबाईनं गलहीला हळद लावली
आणि जाळ्याकडे परत गेली, वळून न बघता.
झिपरू मात्र गुडघाभर पाण्यात आला,
काहीतरी सांगायचं राहिलं असावं तसा,
मग म्हणाला, "टोप झाकत जा. दव पडस."

मी दोरी मुठीत धरली, बोटाला नाही.
पहिल्या ओढीला नुसती खोकली.
तिसऱ्या ओढीला झटका आला,
दोरी तळव्यातून सापासारखी निसटली,
आणि चौथीला आठही घोडे एकदम उठले.
काठावरची एक खरी घोडी
कान टवकारून आमच्याकडे बघायला लागली.

धरणाचं पाणी थोपलेलं, सपाट.
आमचं गाव वरच्या अंगाला, दोन वळणं सोडून.
धुडकू हसत होता, काहीतरी ओरडून सांगत होता,
इंजिनात ऐकू येत नव्हतं.
डाव्या अंगाला, खालून दुसऱ्या फळीतून
पाणी आलंच. थेंब, मग बारीक धार.
मी चप्पल काढली
आणि तिथं टाच दाबून बसले.