तीन आठवड्यांनी

ठराव मंजूर झाला. सात विरुद्ध सहा.
काळा डबा आता तीन आठवड्यांनी उचलणार,
काच निळ्या पेटीत, खरकटं तपकिरी बादलीत,
बाळाच्या लंगोटांसाठी वेगळा अर्ज.

मागच्या बाकावर इद्रिस प्रॉसर.
एकतीस वर्षं गाडीमागे धावलेला.
वेल्श टेकडीवरची ती गल्ली
त्याला कचऱ्यावरून तोंडपाठ :
कुणाकडे पाळणा हलला, कुणी पुन्हा बाटली धरली,
कुणाच्या चहाच्या पिशव्या
अचानक निम्म्या झाल्या.

मतदानाआधी त्याला दोन मिनिटं मिळाली होती.
खर्चाबद्दल तो बोललाच नाही.
म्हणाला,
एका मंगळवारी बारा नंबरचा डबा बाहेर नव्हता,
म्हणून मी दार ठोठावलं.
मॉर्विद जिन्याखाली, दोन दिवसांची पडलेली,
शुद्धीवर. मला म्हणाली, उशीर केलास.

अध्यक्षबाईंनी घड्याळ पाहिलं.
इतिवृत्तात एवढंच :
एका नागरिकाने सूचना मांडली.

पुढच्या मंगळवारी गाडी नव्हती.
इद्रिस तरी सहाला उठला,
जुने हातमोजे चढवले,
आणि डबेच नाहीत म्हणून
दारं वाजवत उतरू लागला.

चार नंबरातून सणसणीत शिवी आली.
ठीक आहे.
पुढचं दार.