कोरे चौकोन

वहीत दर बाईच्या नावापुढं अकरा चौकोन.
पाचाच्या वर बाळंतपणं. जुळं.
मागल्या खेपेला अंगावरून फार गेलं होतं का.
पोटावर जुनी शिवण. पांढरेफटक ओठ.
कळा एका उजेडापासून दुसऱ्या उजेडापर्यंत लांबल्या का.
असेल तिथं खूण करायची,
आणि तीन खुणा झाल्या की बाईला
महिनाभर आधीच मालुतीचे डोंगर उतरवून
इस्पितळाशेजारच्या खोल्यांत नेऊन बसवायचं.

मासेचाबाला सात खुणा होत्या.
ती काही हलेना. "मेंढ्यांची लोकर कोण कापणार? तू?"
मी नवऱ्याला समजावलं, मग सासूला,
मग तिच्या तट्टालासुद्धा.
गेली एकदाची. दोन मुलगे झाले. वार आपसूक पडली.
दोघांना एकाच घोंगडीत बांधून घाट चढून आली
ती थेट माझ्या दारात:
"उगाच माझी लोकर बुडवलीस."

मातेबेलोला एकही खूण नव्हती.
बावीस वर्षं, पहिलटकरीण,
पाण्याचा डबा डोक्यावर घेऊन चढ चढायची, बोलत बोलत.
लग्नातच सासरनं नाव ठेवलं होतं: मातेबेलो, तेबेलोची आई,
तेबेलो पोटातही नव्हती तेव्हा.
आमच्याकडे आई आधी जन्मते.

जुलै. घाट बर्फानं बंद.
मुलगी झाली, रडली. मी सुई टोचली.
वार आली, उलटसुलट करून पाहिली, कुठं तुकडा तुटला नव्हता.
सगळं वहीबरहुकूम.
मी हात धुवायला वळले
आणि मागं आवाज आला,
नळ नीट बंद न केल्यासारखा.

आमच्या दवाखान्यात नळ नाही.

पिशवी दगडासारखी लागायला हवी हाताला.
लागली सैल मळलेल्या कणकेसारखी.
चोळलं. दुसरी सुई. जिभेखाली गोळ्या.
मग एक मूठ आतून, एक तळवा वरून,
आणि मधे ती, तेवढीशी पिशवी,
मी दाबून धरलेली, दार दाबून धरावं तशी.
सासूला म्हटलं, कंदील धर. हलू नकोस.

मिनिटं मोजली नाहीत. तिचे शब्द मोजले.
"थंडी वाजतेय."
"मुलगी कुठाय?"
मग नुसतंच "म्मे".
म्मे म्हणजे आई. नर्सलाही तेच म्हणतात,
रस्त्यात भेटलेल्या कुठल्याही बाईला तेच.
कोणाला हाक मारत होती, अजून विचारलेलं नाही.

हाताला मुंग्या आल्या, मग हात माझा राहिला नाही.
आणि कधीतरी, त्या परक्या हाताखाली,
काहीतरी आखडलं. कठीण झालं. पुन्हा सैल. पुन्हा कठीण.
राहिलं.

नवी वही आली आहे. चौकोन तेरा.
घाटासाठी एकही नाही.
मी आता खुणा नसलेल्या बाईच्या पोटावरही
तास तासभर हात ठेवून बसते. बायका हसतात.

त्या सकाळी मातेबेलोनं डोळे उघडून पाणी मागितलं,
तेव्हा सासू तशीच उभी होती,
कंदील धरून.
खिडकीतून ऊन येऊन बराच वेळ झाला होता.