ओहोटीचा हिरवा

शुक्रवारी पहाटे खोर कल्बाला जातो.
डबा, पाण्याची बाटली, दुमडता स्टूल.
आठवडाभर एसीच्या नळ्यांचे आराखडे काढणारा हात
तिवरांसमोर आधी नुसताच बसतो.

पहिलं वर्षभर मी गुहागरचाच हिरवा लावत होतो.
झाडं दिसायची तरतरीत
आणि खोटी.
इथल्या पानाच्या पाठीवर मीठ असतं,
बोट फिरवलं की चरचरतं.
म्हणून हिरव्यात आता राखाडी, चिमूटभर गेरू,
कधी चुकून
बोटाला लागलेलं तेच मीठ.

नऊ वाजले की रंग पॅलेटवरच सुकतो.
उन्हाशी घासाघीस चालत नाही.

परवा मागे एक म्हातारा येऊन थांबला.
खलफान. पूर्वी इथंच जाळं टाकायचा.
छान आहे वगैरे म्हणाला नाही.
चित्रातल्या चिखलातून वर आलेल्या मुळांवर
बोट न टेकवता बोट धरलं,
मोडक्या हिंदीत एवढंच बोलला :
"पानी उतरके एक घंटा हुआ.
अभी खेकडा निकलेगा."

खेकडे मी काढलेच नव्हते.

ब्रश धुतला.
खरा चिखल समोर होता,
तरी किती वेळ
कागदावरच्या चिखलाकडे बघत राहिलो,
काही हलतंय का.