जोखमीची

हळद शिजायच्या दिवसांत
वसमतकडच्या सगळ्याच बायका पिवळ्या असतात.
नखं, तळवे, पदराचा काठ.
उपकेंद्राच्या बाकड्यावर हात टेकला
तर बाकडंसुद्धा.

म्हणून महानंदाच्या दंडावरचा पिवळा
मला आधी कळलाच नाही.
बीपीचा पट्टा फुगला तसा तिनं श्वास धरला,
तेव्हा नीट पाहिलं.
हा पिवळा आधी जांभळा होता, मग हिरवा.
आठ दिवसांचा तरी असेल.

सासू खेटून उभी.
"पायरीवरून पडली वो सिस्टर,
डोळे कुठं असतात काय की हिचे."
"मावशी, तुमचंबी बीपी बघू की,
आधी बाहेर आशाताईकडं नाव लिहून या."
दाराची कडी लागत नाही आमच्या.
स्टूल सरकवलं.

प्रशिक्षणात एक वाक्य लिहून दिलं होतं,
घरी कुणी मारतं का, असं सरळ विचारायचं.
तोंडातून निघालं ते
"जेवलीस का?"

ती बोलली नाही.
पोट मोजायची टेप माझ्या हातातून घेतली
आणि बरगडीखाली, कुशीला, लावून धरली.
मी वाकून आकडा वाचला.
सहा.

गर्भाशयाची उंची अठ्ठावीस, ती लिहिली.
वजनाला रकाना आहे, पायावरच्या सुजेला आहे,
धनुर्वाताच्या सुयांना दोन आहेत.
हे सहा मी कुठं लिहू?

केवळाबाई सुईण होती तेव्हा कार्डच नव्हतं.
ती तेलाची वाटी घेऊन रोज दारात जायची,
पोट चोळायला म्हणून.
परकं माणूस रोज घरात येतंय म्हटल्यावर
हात जरा थांबतो, म्हणायची.
थांबतो. सुटतो असं कधी म्हणाली नाही.

बीपी एकशे दहा, सत्तर. ठणठणीत.
तरी मी लाल शिक्का मारला : जोखमीची माता.
दर बुधवारी तपासणी.
खोटं लिहिलं असं काही वाटलं नाही.

शनिवारी नवरा आला,
अंगाला हळदीच्या कढईचा धूर.
"जोखीम कामून? काय झालंय तिला?"
"तेच तुम्हाला विचारणार होते," मी म्हटलं.
मग तो भिंतीवरच्या तक्त्याकडं बघत राहिला,
पोटातलं बाळ महिन्या-महिन्यानं काढलंय तिथं.
नववा महिना उन्हानं उडालाय.

चार बुधवार आली ती.
दुसऱ्या बुधवारी म्हणाली,
माहेर कळमनुरीला आहे, भाऊ फोन उचलत नाही.
तिसऱ्या बुधवारी माझा नंबर पाठ म्हणून दाखवला.
फोन नवऱ्याच्या खिशात असतो ना.
शेवटचे दोन आकडे उलटे झाले,
पुन्हा म्हणायला लावले. पुन्हा.
चौथ्याला नुसती बसून राहिली, पाणी प्यायली.

आज पाचवा.
साडेबारा झाले. आशाताई दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आली.
माझ्या डब्यातली भाकर तशीच.
बाकड्यावर एक पिवळा तळवा आहे, कुणाचाही असेल.

बॅगेत टेप टाकली, बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र,
आणि कशी कोण जाणे, तेलाची बाटली.
दार उघडलं नाही तर काय म्हणायचं
ते वाटेत ठरवीन.