कानाला खडा

सातशे मीटर दोरी वर यायला
तास-सव्वातास लागतो.
ऊसाक्काक बर्फातल्या भोकाशी वाकून चक्री फिरवतो,
मधेच थांबतो,
मिशांवर साचलेला बर्फ नखाने खरवडतो
आणि पुन्हा फिरवतो.
कुत्री शेपटीत नाक खुपसून पडलेली.

आज पारा उणे अठ्ठावीस.
आम्ही हवेची चौकशी अशीच करतो, किती घसरला?
परवा दवाखान्यात आलेल्या कागदावर
तोच शब्द होता,
फक्त तिथे तो चढलेला.

मी त्याच दवाखान्यात काम करते.
पट्टीला सुया मोजते, चुली पेटवते,
आणि वर्षातून दोनदा
वस्तीतल्या बायकांच्या मानेवरची एकेक बट कापते,
अगदी मुळाशी.
दोरा गुंडाळून, नाव घालून,
दक्षिणेच्या विमानाची वाट बघते.
केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो.
म्हणजे नऊ सेंटिमीटरची बट
ही नऊ महिन्यांच्या जेवणाची वही.

माशांची डोकीही जातात माझ्याच हातून.
हॅलिबटचा एक डोळा जागेवर,
दुसरा कपाळाच्या कडेपर्यंत सरकलेला,
जणू खालून कोण येतंय ते बघायला निघाला होता
आणि वाटेतच थांबला.
कवटी फोडून चिमट्याने
कानातला खडा काढायचा.
तांदळाएवढा, दुधी.
भिंगाखाली त्यात वर्तुळं दिसतात,
एक हिवाळा, एक रेघ.
वय खड्यात, पारा मांसात,
कॅडमियम काळजात.
प्रत्येकाने आपापली खोली धरलेली.

आमच्या वस्तीत धुराडं एकच, शाळेचं.
ज्या धुराड्यांतून हे निघालं
ती कुणी पाहिलेली नाहीत.
वाऱ्याला मात्र घर माहीत होतं.
आधी बर्फावर, मग पाण्यात,
मग डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांत,
त्यांना खाणाऱ्या कोळंबीत,
तिला खाणाऱ्या माशात,
आणि जितका मासा थोराड
तितका साठा मोठा.

ऊसाक्काकला हे सांगितलं तेव्हा
तो हसला.
थोरला मासा पोटुशीला द्यायचा,
एवढंच त्याच्या आईने शिकवलं होतं.
दुकानातल्या गोठलेल्या कोंबडीवर
त्याचा विश्वास नाही.
ती म्हणे कधी पोहलेलीच नसते.

टुकुम्मेक त्याची भाची. सातवा महिना.
तिच्या बटेचा निकाल सोमवारी आला.
कागदावर एक रेघ,
बरेच महिने जमिनीलगत चालत आलेली,
आणि वसंताच्या सुरुवातीला
एकदम उभी.

तो महिना मला पाठ आहे.
त्याच महिन्यात तिने मामाला बातमी दिली होती,
आणि तो तीन रात्री बर्फावर राहून
अख्खा एक मासा घेऊन आला होता,
स्लेजपेक्षा थोडा आखूड.
आठवडाभर तिने तोच खाल्ला.
त्याचा खडाही मीच काढला होता.
एकतीस रेघा.
टुकुम्मेकपेक्षा पाच वर्षांनी मोठा.

नर्सने तिला समजावलं,
आता लहान मासे खा, मोठे नको,
घाबरण्यासारखं नाही, पण जपायला हवं.
टुकुम्मेकने मान हलवली.
बाहेर आल्यावर मला एवढंच म्हणाली,
मामाला महिना सांगू नकोस.

सांगितला नाही.

दोरी संपत आली.
शेवटच्या गळांना तीन मासे,
दोन वीतभर, एक थोरला.
ऊसाक्काकने थोरल्याकडे बराच वेळ पाहिलं.
मग लहान दोन पिशवीत घातले,
पिशवी माझ्या हातात दिली, तिचं नाव न घेता.
थोरला उचलला, कुत्र्यांकडे वळला,
दोन पावलं गेला
आणि थांबला.
त्यांच्यातली एक कुत्री गाभण आहे.

चुकल्यावर माणूस कानाला खडा लावतो.
माशाच्या तर जन्मापासून कानात खडा,
आणि चूक त्याची नव्हती.

थोरला मासा बर्फावर पडून आहे,
वरचा डोळा आकाशाकडे.
ऊसाक्काक मला विचारतो,
याचं आता काय करायचं?
कागदावर ते लिहिलेलं नव्हतं.